पाठीतले पाणी : एका सुईच्या बदलौकिकाचा इतिहास

वैनगंगेच्या खोऱ्यात ज्याला ‘पाठीतले पाणी काढणे’ म्हणतात आणि झाडीबोलीत ‘ण’ नसल्यामुळे ज्याचा उच्चार ‘पानी’ होतो, त्याला डॉक्टर मंडळी ‘एलपी’ म्हणतात. मराठी वैद्यकीय परिभाषेत त्यासाठी ‘कटिवेध’ असा नेटका शब्द आहे. तिन्ही नावे एकाच कृतीची. पण डॉक्टरांच्या शब्दात घाई आहे, कोशातल्या शब्दात शिस्त आहे आणि लोकांच्या शब्दात भीती आहे. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो, पाणी काढले की माणूस हातचा जातो, अशी ही भीती. भंडाऱ्यातच नव्हे, देशात जिथे जिथे ही तपासणी होते तिथे तिथे ती कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. तापाने बेशुद्ध झालेल्या मुलाला दवाखान्यात आणलेले असते, डॉक्टर संमतीचा कागद पुढे करतात आणि घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बाकी काय करायचे ते करा, पण पाठीतले पाणी काढू नका.’

ही भीती अडाणीपणातून आली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण लोकांच्या समजुतींना बहुधा काही अनुभवाचा आधार असतो. ही समजूतही हवेतून आलेली नाही. ती या सुईच्या इतिहासातूनच आली आहे. तो इतिहास नीट पाहिला तर भीतीचे मूळ सापडते, आणि आज तिची किंमत कोण मोजतो तेही कळते.

पाणी सापडले कसे

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक स्वच्छ, नितळ द्रव असतो, हे वैद्यकाला फार उशिरा नीट समजले. शरीररचनेचे अभ्यासक मृतदेहाचे डोके आधी धडावेगळे करीत आणि मग मेंदू तपासत. तोवर द्रव वाहून गेलेला असे. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने मृतदेहांच्या कण्याचा खालचा भाग उघडून पाहिला आणि मणक्यांच्या पोकळीत पाणी भरलेले आहे हे दाखवून दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या माझांदीने हा द्रव मेंदूपासून कण्यापर्यंत एकच आहे, हे प्रयोगांनी मांडले.

हे पाणी किती? प्रौढ माणसात सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. पण ते साठवून ठेवलेले नसते. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत ते सतत तयार होते आणि रक्तात परत शोषले जाते. दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर द्रव नव्याने बनतो, म्हणजे तासाला अंदाजे २० मिलिलिटर. तपासणीसाठी प्रौढाचे साधारण १० ते १५ मिलिलिटर आणि मुलांचे त्याहून बरेच कमी घेतात. तेवढे तासाभरात भरून निघते. ‘पाठीतले पाणी आटते’ ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. भंडाऱ्याच्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपला जिल्हा तलावांचा आहे. पण हे पाणी तलावाचे नव्हे, झऱ्याचे आहे.

कील, लंडन आणि पहिले रुग्ण

जिवंत माणसाच्या कण्यातून हे पाणी काढण्याची रीत एकाच सुमारास दोन ठिकाणी पुढे आली. लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर याने १८८९पासून क्षयजन्य मेंदूज्वर झालेल्या चार रुग्णांच्या पाठीतून नळीने द्रव बाहेर काढला. डोक्यातला दाब कमी व्हावा एवढाच हेतू होता. चारही रुग्ण दगावले. विंटरचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मे १८९१मध्ये छापून आला.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल १८९१मध्ये, जर्मनीतल्या कील येथील हाइन्रिश क्विंके याने वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत आपली पद्धत मांडली होती. विंटरने कातडी कापून नळी घातली होती. क्विंकेने आत बारीक तार असलेली पोकळ सुई कमरेच्या दोन मणक्यांमधून सरळ आत नेली. त्याच्या पहिल्या रुग्णांत पावणेदोन वर्षांचे एक बेशुद्ध मूल होते आणि ते बरे झाले. क्विंकेचे मोठेपण केवळ सुईत नाही. त्याने बाहेर येणाऱ्या पाण्याचा दाब मोजला, त्यातली साखर, प्रथिने आणि पेशी पाहिल्या. विंटरसाठी पाणी हे बाहेर काढून टाकायचे ओझे होते. क्विंकेच्या हाती ते कागदपत्र झाले. आजची तपासणी मुळात क्विंकेचीच आहे.

सुई शिरते कुठे, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवे. लुळेपणाची सगळी भीती याच ठिकाणी आहे. मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. नवजात बाळात थोडा खाली, तिसऱ्यापर्यंत येतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत घालतात. तिथे मज्जारज्जू नसतो. त्यातून निघालेले मज्जातंतू पाण्यात मोकळे तरंगत असतात. शरीररचनेच्या पुस्तकांत त्यांना घोड्याच्या शेपटीची उपमा दिली आहे. आपल्याकडे, बांधीच्या पाण्यात उपटून ठेवलेल्या धानाच्या पऱ्ह्यांची मुळे जशी हलती राहतात, तसे म्हणावे. सुई आली की ते बाजूला सरकतात. क्वचित एखाद्याला स्पर्श झाला तर पायात वीज गेल्यासारखी कळ येते. ती सांगावी, डॉक्टर सुईची दिशा बदलतात.

कीलमध्येच सापडलेली डोकेदुखी

या कृतीचा जो त्रास खरा आणि नेहमीचा आहे, तो डोकेदुखीचा. त्याचे पहिले सविस्तर वर्णनही कीलमधलेच आहे. ऑगस्ट १८९८मध्ये शल्यविशारद आउगुस्ट बीर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी कण्यात कोकेन टोचून भूल देण्याचा प्रयोग एकमेकांवर केला. बीरच्या पाठीत सुई घातली, पण पिचकारी नीट बसली नाही आणि बरेच पाणी वाहून गेले. त्यानंतर कित्येक दिवस बीरचे डोके असे दुखले की उठून बसणे अशक्य व्हावे. आडवे पडले की दुखणे थांबे. पाणी गळण्याचा याच्याशी संबंध असावा, हे त्याने तेव्हाच ओळखले.

ते कारण आजही तेच आहे. सुईने पडलेल्या छिद्रातून थोडे पाणी आतल्या आत झिरपत राहते, दाब कमी होतो आणि उभे राहिले की डोके दुखते. सव्वाशे वर्षांत सुधारणा झाली ती सुईच्या टोकात. पडदा कापणाऱ्या तिरक्या टोकाऐवजी, पेन्सिलीच्या टोकासारख्या, तंतू बाजूला सारून जाणाऱ्या सुया १९५१पासून आल्या. जगभरातल्या ११० चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात जुन्या सुईने सुमारे ११ टक्के रुग्णांना ही डोकेदुखी झाली होती, नव्या सुईने सुमारे ४ टक्क्यांना. कृतीनंतर तासन्‌तास उताणे पडून राहिल्याने मात्र ती टळते, असे अभ्यासांत दिसून आले नाही. बहुतेकांची डोकेदुखी काही दिवसांत आपोआप जाते. हटून बसलीच तर रुग्णाचेच थोडे रक्त त्या जागी टोचून छिद्र बुजवण्याचा उपाय १९६०पासून माहीत आहे.

बीरच्या प्रयोगातून निघालेली दुसरी वाट थेट प्रसूतिगृहात गेली. सिझेरियनच्या वेळी ‘कमरेत इंजेक्शन’ देतात ते हेच; त्याच फटीत, तशाच सुईने. फरक इतकाच की तिथे औषध आत जाते आणि इथे पाणी बाहेर येते. जे घर सुनेच्या बाळंतपणात कमरेतल्या सुईला संमती देते, तेच घर नातवाच्या तापात त्याच सुईला घाबरते. सुई तीच असेल, तर भीती सुईची नाही. मग कशाची?

बदलौकिक कसा पडला

इथे इतिहासातला एक कालावधी महत्त्वाचा ठरतो. १८९१मध्ये कटिवेध आला. क्षयाचे जंतू या पाण्यात दिसू शकतात, हे लिख्टहाइमने १८९३मध्ये दाखवले. म्हणजे रोग ओळखण्याची सोय झाली. पण क्षयाच्या जंतूवर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ साली. मधली पन्नास वर्षे ही सुई एवढेच सांगू शकत होती की हा मेंदूचा क्षय आहे. आणि मेंदूचा क्षय म्हणजे तेव्हा जवळजवळ नक्की मृत्यू. सुईने निदान केले, निदान खरे ठरले आणि रुग्ण गेला. पाहणाऱ्यांना दोनच गोष्टी दिसल्या : आधी पाणी काढले, मग माणूस गेला. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, हा तर्क चुकीचा खरा. पण खाटेशेजारी बसलेल्या आईला दुसरा कोणता तर्क सुचणार होता?

याच काळात एक उलटे उदाहरणही होते. मेनिंगोकोकस जंतूच्या मेंदूज्वरावर अमेरिकेत सायमन फ्लेक्सनरने घोड्याच्या रक्तापासून लस-द्रव तयार केला आणि तो याच सुईतून कण्यात सोडला. १९१३मध्ये त्याने सुमारे १,३०० रुग्णांचा हिशेब मांडला. ज्या रोगात बहुसंख्य रुग्ण दगावत, त्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले होते. सुईने जीव वाचवता येतो, हे तेव्हाच दिसले होते.

स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर आरंभी तेही कण्यातच टोचावे लागे, पुन्हा पुन्हा, आठवड्यांमागून आठवडे. मुले त्या सुयांनी हैराण होत. पण पूर्वी एकही वाचत नसे, तिथे काही वाचू लागली. १९५२मध्ये आयसोनियाझिड आले. पोटात घेतलेले हे औषध मेंदूच्या पाण्यात सहज पोहोचते. त्यामुळे रोजच्या सुया संपल्या आणि कटिवेध पुन्हा निदानापुरता उरला. औषध बदलले, निकाल बदलला. सुईचे नाव मात्र बद्दूच राहिले.

त्याला आपल्याकडे आणखी एक कारण घडले, ते अंतराचे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले, सेवाग्रामचे १९६९ साली. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूर किंवा तुमसरच्या आतल्या गावांहून ते त्याहूनही दूर. गावात दोन दिवस, तालुक्याला एक दिवस, मग जिल्हा आणि मग नागपूर, असा प्रवास करून जो रुग्ण पोहोचे त्याचा मेंदूज्वर पुढच्या पायरीवर गेलेला असे. कटिवेध ही या प्रवासातली शेवटची पायरी. म्हणून मृत्यूच्या सर्वांत जवळ तीच उभी दिसली. बैलगाडीत गेलेले तास, एसटीची वाट पाहण्यात गेलेली रात्र, मांत्रिकाकडे घालवलेला दिवस यांपैकी कोणीच आरोपी ठरले नाही. ठरली ती सुई.

विदर्भातले ताप

भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू मिळाला. जिथून तो मिळाला त्या वस्तीचे नाव त्याला दिले गेले : चांदीपुरा. बरीच वर्षे तो एक कुतूहलाचा विषय होता. २००३मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूच्या तापाने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली आणि कारण म्हणून चांदीपुराचे नाव पुढे आले. २००७मध्ये तो जणू घरी परतला. नागपूर विभागात, ज्यात भंडारा जिल्हा येतो, अशा तापाची ७८ मुले नोंदली गेली; ३९ मुलांत चांदीपुरा सिद्ध झाला आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक वाचली नाहीत. हा विषाणू वाळूमाशीमार्फत पसरतो, पावसाळ्याच्या तोंडाशी डोके वर काढतो आणि सकाळी खेळणारे मूल एक-दोन दिवसांत नाहीसे करतो.

या रोगाची एक विलक्षण गोष्ट अशी की अशा मुलाच्या पाठीतले पाणी पुष्कळदा स्वच्छ असते. पेशी वाढलेल्या नसतात. आंध्रातल्या साथीत याच मुद्द्यावर तज्ज्ञांत वाद झाला होता : हा मेंदूचा दाह म्हणायचा की आणखी काही? आणि चांदीपुरावर आजही नेमके औषध नाही. मग चतुर माणूस विचारील, ज्याला उपाय नाही त्याच्यासाठी सुई कशाला?

उत्तर असे की मूल दारात येते तेव्हा त्याच्या कपाळावर रोगाचे नाव लिहिलेले नसते. ताप, झटके, बेशुद्धी ही तीन लक्षणे चांदीपुराची आहेत. तीच धानाच्या बांधीतल्या डासांनी आणलेल्या जपानी मेंदूज्वराची आहेत, पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातल्या मेंदूच्या मलेरियाची आहेत, मेंदूच्या टीबीची आहेत आणि पू करणाऱ्या जंतूंच्या मेंदूज्वराचीही आहेत. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि अशा मुलांना न्यूमोकोकस जंतूचा धोका अधिक असतो. या यादीतल्या निम्म्या रोगांवर खात्रीचे औषध आहे. पण प्रत्येकाचे वेगळे. जंतूच्या मेंदूज्वरात पाणी गढूळ येते आणि त्यातली साखर घटते. टीबीत ते स्वच्छ दिसले तरी प्रथिने वाढतात आणि नळी ठेवून दिली तर कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. जपानी मेंदूज्वराची प्रतिद्रव्ये याच पाण्यात शोधतात. स्वच्छ पाणीही उत्तरच असते. ते काही शक्यता खोडून टाकते.

हात लावून, मान वाकवून हे कळणार नाही का? सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न घेतला. मानेचा ताठरपणा आणि त्यासारख्या जुन्या, नावाजलेल्या खुणा त्यांनी कटिवेधाच्या निकालाशी ताडून पाहिल्या. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की या खुणांच्या भरवशावर मेंदूज्वर आहे किंवा नाही, हे ठरवता येत नाही. मान ताठ नाही म्हणून पाणी तपासायचे टाळू नये. विदर्भातल्या रुग्णांवर, विदर्भातल्या डॉक्टरांनी शोधलेले हे उत्तर आहे.

आणि प्रश्न एकट्या मुलाचाही नसतो. गावात पुढचे मूल आजारी पडण्याआधी फवारणी वाळूमाशीसाठी करायची की डासांसाठी, लस कोणती द्यायची, हे पहिल्या काही मुलांच्या नमुन्यांवर ठरते. नमुना नसला तर नोंदवहीत ‘अज्ञात ताप’ एवढेच उरते.

रुग्णाने काय विचारावे

भीती सोडावी याचा अर्थ डोळे मिटून सही करावी असा नाही. ही सुई काही वेळा घालू नये, किंवा लगेच घालू नये. मेंदूत गाठ किंवा सूज असून दाब फार वाढल्याची शंका असेल, तर आधी सीटी स्कॅन करतात. अशा वेळी खालून पाणी काढले तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील, कमरेच्या कातडीवर जंतुसंसर्ग असेल, मूल श्वासाला झगडत असेल, तर डॉक्टर थांबतात. म्हणून चालू असलेली सगळी औषधे, ॲलर्जी, रक्तस्रावाचा पूर्वीचा त्रास न विचारता सांगावा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या रोगाची शंका आहे, आधी स्कॅनची गरज आहे का, आणि तपासणी होईपर्यंत औषध थांबणार तर नाही ना? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. जंतूच्या मेंदूज्वराची दाट शंका असेल आणि कटिवेधाला उशीर होणार असेल, तर प्रतिजैविक आधी सुरू करायचे असते.

प्रत्यक्ष कृती अर्ध्या तासात आटोपते. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, किंवा पुढे वाकून बसवतात. पाठीची कमान झाली की मणक्यांमधली फट उघडते. जागा स्वच्छ करून बधिर करतात. मग दाब जाणवतो. तेव्हा हलू नये, एवढेच रुग्णाचे काम. पाणी ओढून काढत नाहीत, ते थेंबथेंब आपसूक नळीत पडते. साखरेची तुलना करायची असल्याने त्याच वेळी रक्तही घेतात. त्यावरून ‘दोनदा कशाला टोचता’ म्हणून वाद घालू नये. नंतर एक-दोन दिवस कंबर दुखते. पण ताप नव्याने चढला, डोकेदुखी वाढतच गेली, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली, सुईच्या जागेतून पाणी झिरपू लागले, तर वाट न पाहता परत यावे. असे प्रसंग विरळा. पण ते सांगून ठेवणे हा संमतीचाच भाग आहे. कागदावर सही घेतली आणि हे सांगितले नाही, तर त्या सहीला अर्थ उरत नाही. या सुईचा बदलौकिक टिकण्यात लोकांच्या समजुतीइतकाच, न सांगणाऱ्यांच्या घाईचाही वाटा आहे.

क्विंकेच्या काळात पाठीतले पाणी सांगू शकत होते, वाचवू शकत नव्हते. आज ते जे सांगते त्यातल्या पुष्कळशा गोष्टींवर औषध आहे, आणि ते औषध साठ किलोमीटरच्या आत मिळते. आजोबांच्या पिढीने जे पाहिले ते खरे होते. त्यांनी काढलेला अर्थ तेवढा चुकला. नातवाच्या खाटेशी उभे राहून तोच अर्थ पुन्हा काढला, तर हातातून जातात ते तास. मेंदूच्या तापात तासांची भरपाई होत नाही, पाण्याची होते.